खापराइतकं अंतर

आईला शेवटी शेवटी नेमकं काय दिसत नव्हतं असं कुणी विचारलं तर मी पटकन सांगू शकते. तिला खापर दिसत नव्हतं. गल्लीच्या टोकाला उभी राहिलेली गाय कुणाची ते ती ओसरीवरून सांगायची. सुईचं नेढं चष्म्याच्या खालच्या खिडकीतून दिसायचं, दोरा पहिल्या फटक्यात जायचा. पण बसल्या जागेपासून हातभर अंतरावर, चुलीवर पालथं घातलेलं आणि तापून रसरसलेलं मातीचं खापर तिला धड दिसायचं नाही. आमच्या घरात आईची जी काय पत होती ती सगळी त्या खापरावर होती.

मांडे ज्यांनी केलेले पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं. पुरण भरलेली गव्हाची पारी हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची, आणि पातळ पडद्यासारखी झाली की एका झोक्यात खापरावर टाकायची. पोळपाट नाही, लाटणं नाही. हात जरा चुकला तर पुरण चुलीत आणि मनगट खापरावर. आईचा हात चुकत नसे. नात्यात कुठेही लग्न निघालं की मांड्यांना तिला बोलावणं यायचं, गाडी पाठवून न्यायचे. बाकी कशासाठी तिला कुणी कधी गाडी पाठवल्याचं मला आठवत नाही.

आम्ही धुळ्याचे. घर थोरल्या काकांचं, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मोठी आई, म्हणजे आबांची बायको, लवकर गेली, मी कॉलेजात असताना माझे वडील गेले, आणि त्या घराची चूल आईच्या वाट्याला आली. आबांशी ती कधी बोलली नाही. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नसतं. तो दिसला की पदर भुवयांपर्यंत ओढायचा आणि मान खाली घालायची. आबाही तिच्याशी थेट बोलत नसत. ‘‘सांगा तिले,’’ असं घरातल्या कुणाला तरी म्हणायचे, कुणी नसलं तर भिंतीला म्हणायचे. इतकी वर्षं एका छपराखाली राहून आबांनी आईचा चेहरा एकदा तरी नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. तिचे मांडे मात्र त्यांना डोळे मिटूनही ओळखू आले असते.

मला या सगळ्याची भयंकर चीड यायची. मी जळगावला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर परक्या पुरुषांशी बोलणं, प्रसंगी त्यांना झापणं, हे माझं पोटापाण्याचं काम. धुळ्याला गेले की उंबऱ्यातच आईवर करवादायचे, की अगं, जरा तोंड वर करून बोल. ती हसायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आईला तेव्हा सर्वांना असायचा तसाच बायफोकल होता. वर लांबचा नंबर, खाली अर्धगोल खिडकी, त्यात जवळचा. मधे एक रेघ. तो चष्मा करायला कुणी कसलं माप घेतलं नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी दुकानदाराला दिली, त्यानं नाकावर पट्टी धरल्यासारखं केलं आणि चार दिवसांनी चष्मा हातात ठेवला. पोथीला चांगला, रस्त्याला चांगला. पण खापर ना लांब ना जवळ. वरच्या काचेतून ते धुरकट आणि खिडकीतून त्याहून धुरकट. मधल्या रेघेवर तर त्याला दोन कडा दिसायच्या. त्या वर्षी आखाजीला आईनं दुसऱ्या कडेवर मांडा टाकला. मनगटावर चट्टा उठला, मांडा मधोमध करपला.

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि पितरांची घागर भरली जाते. आईच्या दृष्टीनं त्या दिवशीचा पहिला मांडा माझ्या वडलांचा. तो करपला याचं तिला किती लागलं ते तिनं तोंडातून काढलं नाही, पण जेवली नाही.

आबांनी ताटातला मांडा उलटून पाहिला आणि मला म्हणाले, ‘‘मांडा मधमाच करपी गया. तिना डोयास्नं काही तरी देखा. चांगला चष्मा करी द्या तिले.’’ त्यात टोमणा नव्हता. आबा मनानं चांगलेच होते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

जळगावच्या बाजारात एक चष्म्याचं दुकान होतं. बाप मारवाडी, जुना, गल्ल्यावर बसायचा. मुलगा मुंबईला शिकून आला होता आणि त्यानं दुकानाला काचेचं दार बसवलं होतं. त्याच्याकडे रेघ नसलेला चष्मा मिळतो असं मी ऑफिसात ऐकलं होतं. मी चौकशीला गेले तर त्यानं मला बसवून समजावलं. ‘‘ताई, बायफोकल म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्या. याच्यात पायऱ्या नाहीत, उतार आहे. वर लांबचं, खाली जवळचं, आणि उतारावर मधलं सगळं अंतर. तुमच्या आईचं जे काय खापर आहे ते उतारावर सापडेल.’’ मग म्हणाला, ‘‘पण हा चिठ्ठीवर होत नाही. माणूस समोर लागतो. फ्रेम चेहऱ्यावर बसवून बुबूळ काचेत नेमकं कुठे येतं ते मोजायचं, आणि त्या मापाचं भिंग मुंबईहून येणार. एका माणसाचा चष्मा दुसऱ्याला चालायचा नाही.’’

मला ते ऐकून उगाचच भरून आलं. आईला आयुष्यात कुणी मापाचं काही शिवलं नव्हतं. ब्लाउजसुद्धा जुना पाठवून त्यावर बेतलेला.

थंडीत आबा स्वतः तिला घेऊन आले. सोबत कुणी तरी जाणतं हवं म्हणून आले, आणि त्यांचाही नंबर बदलला होता. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून पेरू घेतले आणि पुढच्या सीटवरून पिशवी मागे सरकवली, तोंडानं काही न बोलता. स्टँडवर मी दोघांना घ्यायला गेले. आबा पुढे आणि आई मागे चार हात, पदर धरून.

दुकानात आधी आबांचं काम झालं. त्यांचा साधा बायफोकल, जुन्याच फ्रेममध्ये नव्या काचा. त्यांच्या चेहऱ्याकडे कुणी धड पाहिलंही नाही. मग त्या मुलानं आईला उंच खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून बसला, डोळे डोळ्यांच्या पातळीला येतील असा. आबा भिंतीच्या बाकावर बसले. तो बाक बरोबर त्याच्या पाठीमागे होता.

फ्रेमची काडी कानावर बसवायची तर पदर मागे घ्यावा लागला. आईनं तो कानामागे सरकवला, डोक्यावरून पडू दिला नाही. फ्रेममध्ये नंबर नसलेल्या पारदर्शक काचा होत्या आणि त्याच्या हातात बारीक पेन होतं. ‘‘मावशी, समोर बघा. माझ्या डोळ्यांत बघा,’’ तो म्हणाला. आईनं वर पाहिलं आणि विजेचा झटका बसावा तशी नजर खाली टाकली. ‘‘मावशी, वर.’’ पुन्हा तेच. बाकावरून आबा मला म्हणाले, ‘‘सांग तिले, नीट बठ म्हना.’’ त्यांचा आवाज ऐकून तर आई आणखी आवळून बसली. मी म्हटलं, ‘‘आई, बघ ना वर, तो काय खाणार आहे का तुला?’’ मुलगा ओशाळला. ‘‘असू दे ताई, होतंय,’’ असं म्हणून त्यानं भराभर दोन ठिपके काढले, जिथे बुबुळं होती तिथे. पट्टी लावली, कागदावर माप उतरवलं. काम जाणणारा माणूस होतंय म्हणाला म्हणजे झालं, असं मी धरून चालले. आबांनी पैसे दिले. जाताना भरिताची वांगी घेतली.

चष्मा आला तेव्हा माझा भाऊ कामाला जळगावला आला होता, तोच घेऊन गेला. पुढे फोनवर मी आईला विचारलं, कसा आहे? ‘‘जेठस्नी करी दिन्हा, मंग चांगलाच शे,’’ ती म्हणाली. यावर माणसानं पुढे काय विचारायचं!

पुढची आखाजी आली. अंगणात चूल मांडली होती. आबा समोरच्या खाटेवर बसले होते, नवे मांडे आणि नवा चष्मा दोन्ही बघायला. त्यांचा स्वतःचा बायफोकल झकास जमला होता. पेपर वाचायला मान मागे टाकायचे, माणूस ओळखायला पुढे काढायचे, कधी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून वरून बघायचे. पुरुषाच्या मानेला कुठंही फिरायची मोकळीक असते, तिला कसलाही चष्मा चालतो.

आईनं पदर भुवयांवर ओढला, खाली मान घालून पारी हातावर घेतली आणि झुलवायला लागली. हात तेच होते. अजूनही इतके सुंदर चालत होते की बायका बोलायच्या थांबल्या. मांडा कोपरापर्यंत आला, आईनं खापराच्या दिशेनं झोका दिला आणि तो अर्धा बाहेर पडला. पुरण निखाऱ्यात गेलं, जळक्या गुळाचा वास सुटला. घसरणारी बाजू सावरायला तिनं हात घातला तो थेट खापरावर. ती ओरडली नाही. आवाज आला तो कातडीचा. तिनं दुसरी पारी घेतली. तीही तशीच गेली.

आबा खाटेवरून उठले. त्यांचा आवाज मऊ होता. ‘‘ऱ्हाऊ द्या. तिना डोया गयात आते. लहानीले करू द्या.’’

लहानी म्हणजे माझी वहिनी. ती बिचारी रडवेली झाली, पण आबांनी म्हटलेलं म्हणजे झालंच. आई उठली आणि वहिनी त्या पाटावर बसली. खानदेशातल्या बाईला चुलीवरून उठवणं म्हणजे काय, ते आबांना कळलं नसेल. आईला कळलं. अंगणातल्या प्रत्येक बाईला कळलं.

दुपारी पुरुषमाणसं झोपली. मी मलम शोधत आतल्या खोलीत गेले तर आई भिंतीला टेकून बसली होती, पदर खांद्यावर पडलेला, आणि न्हाव्यापुढे बसतात तशी हनुवटी वर करून समोरच्या ताटातली डाळ पाहत होती. हातभर अंतरावरच्या ताटात तिनं बोट नेलं आणि डाळीतला बारीक खडा नेमका उचलला.

‘‘अशी मान वर करी ते बठ्ठं दिखस,’’ ती म्हणाली. आमच्या बोलीत बठ्ठं म्हणजे सगळं. मी पाहिलंय हे तिच्या लक्षात आलं होतं.

‘‘मंग सकाये का बरं नही करी?’’

‘‘समोर जेठ बठेल व्हतात ना.’’ मग खडा बाजूला टाकून म्हणाली, ‘‘दुकानमा बी तेच. तो पोऱ्या सांगे, मना डोयामा देख. त्याना मांगे जेठ बठेल. मी कशी देखू?’’

मी तो चष्मा रुमालात गुंडाळून जळगावला आणला. त्या मुलानं काचेवर पट्टी धरली आणि लगेच ओळखलं. खाली बघणाऱ्या डोळ्यांचं माप घेतलं होतं. ठिपके खाली पडले आणि त्यांच्याबरोबर अख्खा उतार खाली सरकला. खापराचं अंतर पार गालाजवळ जाऊन बसलं होतं. ते डोळ्यांसमोर आणायचं तर हनुवटी चांगली उचलावी लागणार. ‘‘मला त्या दिवशीच दिसत होतं,’’ तो म्हणाला. ‘‘पण आमच्या घरात माझी आईसुद्धा घुंघट ओढते, ताई. तिच्या वयाच्या बाईला तिसऱ्यांदा मान वर करा कसं म्हणू? आणि बाकावर घरचं मोठं माणूस.’’ त्याचा चेहरा उतरला होता. ‘‘त्यांना परत आणा. मी नव्यानं माप घेतो, भिंग बदलून देतो. फक्त त्या एकट्या येऊ देत.’’

मी पुढच्याच सुट्टीला तो चष्मा घेऊन धुळ्याला गेले. आईला सगळं सांगितलं, हे तुझे डोळे नाहीत, हे माप आहे, ते दुरुस्त होतं. ती गहू पाखडत होती. जुना बायफोकल तिच्या नाकावर परत आला होता.

‘‘नही,’’ ती म्हणाली.

‘‘का?’’

‘‘आबास्ले काय सांगशी? तुमनामुये चष्मा बिघडना असं सांगशी का? त्यास्नी इतलं मनवर लीसन करं. त्यास्ले वाईट वाटी.’’

मी सांगते म्हटलं, मी भीत नाही कुणाला. आईनं सूप खाली ठेवलं आणि माझा हात धरला. तिचा भाजलेला हात अजून गुळगुळीत आणि गुलाबी होता. नको, म्हणाली. या घरात मला राहायचंय, तुला नाही. मी संतापून संध्याकाळच्या गाडीनं परत आले आणि वाटेत पारोळ्यापर्यंत रडले. आबांवर रडले, त्या मुलावर रडले, आणि सगळ्यात जास्त आईवर.

मग वर्षं गेली. आबा समोर असले की आई नवा चष्मा लावायची, म्हणजे तो वापरात आहे असं त्यांना वाटावं. बाकी वेळ जुना. मांडे वहिनी करायची, बरे करायची. लग्नांना आईला बोलावणं यायचं बंद झालं. तिला ‘डोळे गेलेली’ म्हणायला लागले, आणि एकदा म्हणायला लागल्यावर लोकांना तपासून बघायची गरज वाटत नाही. आई दिवसभर खाली मान घालून निवडत, सोलत, शिवत बसायची. त्या कामांना खिडकी पुरायची.

आबा एका पावसाळ्यात गेले. आई त्यांच्यासाठी खरोखर रडली, आणि मला ते बघवलं नाही. वर्ष सरलं, दुखवटा संपला. पुढच्या आखाजीला मी मनात पक्कं ठरवून धुळ्याला गेले. आता त्या अंगणात असं कुणी नव्हतं ज्याच्यासमोर आईनं पदर ओढावा. भावाला मी सांगून ठेवलं होतं, वहिनीलाही. तिनंच चूल पेटवली, खापर तापवलं आणि पाट रिकामा ठेवला.

‘‘या आत्याबाई, बठा,’’ ती आईला म्हणाली. चुलीवरून उठवलेल्या सासूला तिनं आपण होऊन परत बसवलं, हे मी तिचं कधी विसरणार नाही.

आई नाही नाही म्हणत बसली. पण तिचे हात पिठाकडे कसे गेले ते मी पाहिलं. मी ट्रंकेतून तो चष्मा काढून पुसून आणला होता. तिच्या डोक्यावरचा पदर मी माझ्या हातानं खांद्यावर घेतला. पांढरे केस, मधे विरळ झालेले. अंगणात, दिवसाउजेडी, मी ते पहिल्यांदा पाहिले. चष्मा लावला आणि म्हटलं, ‘‘आते मान वर कर, माय. बिनधास्त कर.’’

तिनं केली. म्हणजे प्रयत्न केला. चेहरा थोडासा हलला आणि थांबला. मला वाटलं लाजतेय. मी हनुवटीखाली हात देऊन उचलायला गेले तर ती कळवळली.

‘‘नही व्हस वं,’’ ती म्हणाली. ‘‘आते ती अशीच ऱ्हास.’’

वहिनी हळूच म्हणाली, गेल्या वर्षी डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला होता. मणके धरलेत म्हणाले, आता सुटायचे नाहीत. मला कुणी कळवलं नव्हतं. त्यात कळवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं, कारण आईची मान खाली नसलेली कुणी पाहिलीच नव्हती.

खापर तापत होतं. मी आईच्या पाठीमागे जाऊन मांडी घालून बसले आणि तिला म्हटलं, मानेचं सोड, तू अख्खीच माझ्यावर रेल. ती रेलली. तिचं वजन काही नव्हतंच. पाठ मागे आली तसा चेहरा वर आला, माझ्या खांद्याला तिचं डोकं टेकलं आणि चष्म्याच्या तळातून तिला समोरचं दिसलं.

‘‘दिखनं वं!’’ ती ओरडली. तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. ‘‘बठ्ठं दिखनं! कितलं लाल शे खापर!’’

वहिनीनं घाईनं भरलेली पारी तिच्या हातांवर ठेवली. आईनं माझ्या अंगावर रेलल्या रेलल्याच ती झुलवली, या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत, पडद्यासारखी पातळ. खापरावर टाकायला तिनं हात लांब केले. हात पोचेनात. मागे रेलल्यामुळे ती चुलीपासून दूर गेली होती, पाट पुढे सरकवावा तर पाय चुलीत, आणि पुढे वाकली की खापर दिसेनासं व्हायचं. तिनं एकदा पुढे वाकून बघितलं, पुन्हा रेलून बघितलं. मांडा हातावर सुकायला लागला.

‘‘ले वं, तू टाक,’’ असं म्हणून तिनं तो वहिनीच्या हातावर दिला.